म्बाह वगियेमच्या दोरीवरची कापडं

"पाय टेकवू नकोस," वेनिंग कुजबुजली. "खाली वाळलं पान आहे."

रेंग्गाने उचललेला पाय तसाच अधांतरी धरला. "मग काय, बगळा होऊ?"

"हो. न बोलणारा बगळा."

दहा वर्षांची गेंडिस केळीच्या बुंध्याला चिकटून उभी होती. तिला हसू आलं नाही. ओढ्याच्या पलीकडे म्बाहचं, म्हणजे वगियेम आजीचं, घर होतं. दारं बंद, पुढची खिडकी बंद, अंगणात एक कोंबडीसुद्धा नाही. फक्त मागच्या परसात दोन पोफळींना बांधलेल्या दोरीवर एक कापड सावकाश हलत होतं.

"काल तांबल होतं," वेनिंग म्हणाली. "ठिगळांचं. आजाऱ्याच्या अंगावर घालतात ते."

"मग बरोबरच आहे की," रेंग्गा म्हणाला. "म्बाह आजारी आहे. सगळी वाडी सांगतेय."

"आजचं बघ."

आज दोरीवर पारांग होतं, तिरप्या लाटांचं. रेंग्गा जाकार्ताचा. दर जूनच्या सुट्टीत तो मावशीकडे, म्हणजे वेनिंग-गेंडिसच्या घरी यायचा. पारांग आणि पडदा यांत त्याला फारसा फरक दिसत नसे. पण गेंडिसने मान तिरपी केली, पुन्हा सरळ केली आणि ताईचा हात घट्ट धरला.

"ताई, लाटा उलट्या चालल्यात."

आमच्याकडच्या हातबाटिकच्या कापडाला रंगवण्याआधी दोन्ही बाजूंनी मेण लावतात, त्यामुळे उलट-सुलट रंगात काही कळत नाही. कळतं ते तिरपीवरून. आमच्या पारांगच्या लाटा एकीकडे उतरतात, सोलो शहराकडच्या दुसरीकडे. म्बाह वगियेमने साठ वर्षं मेणाच्या लेखणीने बाटिक लिहिलं होतं. तिच्या हातून पारांग उलटं टांगलं जाणं म्हणजे मौलवींनी बांग उलटी देण्यासारखं होतं.

त्या तिघांना ते कापड वाचता येत होतं, याचं कारण एक पुस्तक होतं. एक कसलं, एकेचाळीस. 'धुक्यातला गड' नावाची पातळ पातळ पुस्तकं बाजारातल्या टपरीवर भाड्याने मिळत आणि दर सुट्टीत ती म्बाहच्या ओट्यावर मोठ्याने वाचली जात, कारण म्बाहची नजर आता अक्षरांना पुरत नव्हती. गडात कोंडलेल्या न्यी पुडाकची ती गोष्ट. मेणाच्या लेखणीवर फुंकर घालत म्बाह ऐकायची आणि मध्येच हात वर करायची. "थांबा. पुस्तकात धुकं उगाच पडत नाही, पोरांनो. धुकं आलं की समजायचं, कुणीतरी खोटं बोलतंय. ओढा आला की वेळ सरतेय. आणि कापड आलं की?"

"जीभ!" तिघं ओरडायची.

सतराव्या पुस्तकात न्यी पुडाकला दार बंद, बोलणं बंद. तेव्हा ती तटावर कापडं वाळत घालते आणि गाते:

तोंड बांधिलं गं माझं, हात बांधिले नाही,
कापडाच्या घडीमधी माझी हाक झाकून राही.
ज्याला डोळा त्याने वाच, ज्याला काळीज त्याने ये,
वारा नेतो तुझ्या दारी, दोरीवरलं बोलणं घे.

"सतराव्यात पारांग उलटं टांगलंय," वेनिंग आता म्हणाली. "म्हणजे या घरातून जे ऐकाल, ते उलटं धरा."

रेंग्गाने पाय खाली टेकला. पान वाजलं.

या घरातून सगळ्यांनी काय ऐकलं होतं? आठ दिवसांपूर्वी सेमारांगहून म्बाहचा भाचा सुगेंग आला होता. त्याने सांगितलं, "मावशीला छातीचा रोग आहे. लागण होते. कुणी येऊ नका. मी तिला शहरात नेणार." वाडीचे प्रमुख पाक सार्दी एकदा जाऊन आले. बंद खिडकीपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "म्बाह, भाच्याबरोबर जाणार ना?" आतून आवाज आला, "इंग्गिह." पुन्हा विचारलं. पुन्हा "इंग्गिह." पाक सार्दी समाधानाने घरी परतले. आता इंग्गिह म्हणजे हो, हे खरं. पण आम्ही इंग्गिह वडीलधाऱ्यांना म्हणतो, साहेबाला म्हणतो, नको असलेल्या पाहुण्यालाही म्हणतो. बरेचदा त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं कानावर आलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि तिघं खाली बसली. सुगेंग परसात आला. अंगाने बारीक, हातात सिगारेट. आतून म्हातारा, जड आवाज आला, जणू जिभेवर ओली माती ठेवली होती.

"एका दिवशी एकच. सावलीत. नाहीतर मेण वर येतं."

"माहिती आहे मावशी, तीनदा सांगितलंस. पेटीतल्या जुन्या कापडांना कापराचा वास नको म्हणालाय गिऱ्हाईक. परवा सकाळी तो ट्रक घेऊन येतोय. त्याच गाडीने तूही सेमारांगला, आता काही कटकट नाही." त्याने झुरका घेतला. "उद्या कुठलं घालू?"

"तळाचं. तपकिरी, त्रिकोणांचं."

"बरं. चहा पिऊन टाक आता."

दार बंद झालं. गेंडिस पुटपुटली, "मेण वर येतं? कधीच येत नाही. कापड पुरं झालं की मेण उकळून काढतात. मलासुद्धा माहितीये."

"त्याला माहिती नाही," वेनिंग म्हणाली. "ती त्याच्याच हाताने पत्र लिहून घेतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर स्लोबोग होतं.

तपकिरी, काळे, पांढरे त्रिकोण टोकाला टोक लावून उभे. आमच्या वाडीत स्लोबोग मयताच्या अंगावर घालतात, पुढची वाट मोकळी व्हावी म्हणून. रेंग्गालासुद्धा ते माहीत होतं. आजोबा गेले तेव्हा त्याने ते जवळून पाहिलं होतं.

"पुस्तकात स्लोबोग म्हणजे काय?" त्याने विचारलं. थट्टेचा सूर गेला होता.

"उद्या मी नसेन."

तिघं धावत पाक सार्दींकडे गेली. ते उंच काठीवर पिंजरा चढवून आपल्या होल्याला शीळ घालत होते. वेनिंगने सगळं सांगितलं. त्यांनी शीळ थांबवली नाही. मग म्हणाले, "बाळ, पुस्तकं जरा जास्त झालीत. घरच्या माणसाने येऊ नका सांगितल्यावर जायचं? बरं दिसतं का ते? मी स्वतः विचारलं. ती इंग्गिह म्हणाली."

"पण पाक, ती तुम्हाला दुसरं काय म्हणणार? भाचा शेजारी उभा होता."

"आता जा. पक्षी घाबरतो."

रस्त्यावर आल्यावर रेंग्गाने दगडाला लाथ मारली. "पक्षी घाबरतो म्हणे. आपण नाही घाबरत?"

"मी बघून येते," वेनिंग म्हणाली. "तुम्ही केळीत थांबा. रेंग्गा, सुगेंग दिसला तर होल्यासारखा आवाज काढ."

"मला फक्त मोटरसायकलचा येतो."

"तो काढ."

दुपारच्या उन्हात ओढा ओलांडून ती परसात शिरली. मागच्या बांबूच्या भिंतीला बोटभर फट होती. आतला अंधार डोळ्यांना सरावायला वेळ लागला. मग चटई दिसली, चटईवर म्बाह. तोंड किंचित उघडं. एक हात जमिनीवर पालथा, नखांत साठ वर्षांची निळाई.

"म्बाह," वेनिंगने हाक मारली. "मी वेनिंग. कापडं वाचली आम्ही."

हात हलला नाही. तिने भिंतीवर नखाने खरवडलं. माशी येऊन त्या हातावर बसली, चालत मनगटापर्यंत गेली. तरीही हात हलला नाही.

केळीतून मोटरसायकलचा आवाज आला. फार वाईट, फार मोठा.

पळायला जागा नव्हती. शेजारी निळीचं रांजण होतं, अर्ध्याहून कमी भरलेलं. वेनिंग आत उतरली आणि उकिडवी बसली. आंबूस, गार पाणी कमरेपर्यंत चढलं. पावलं जवळ आली. रांजणाच्या कडेवर सिगारेटची राख पडली. वर गोल आकाश, त्यात एक पोफळ. आपल्या छातीचे ठोके पाण्यावर वलयं काढतायत असं तिला वाटलं आणि ती त्या वलयांकडेच बघत राहिली. न्यी पुडाक अशी कधी घाबरली असेल का, पुस्तकात तर कुठे लिहिलं नाही.

पावलं गेली. दार लागलं. ती बाहेर आली ती कमरेखाली निळीशार होऊन.

"हललीच नाही," ती म्हणाली. "रेंग्गा, ती हललीच नाही."

गेंडिस रडायला लागली. सुचलं ते रेंग्गाला. "आपलं कोण ऐकत नाही? पुरुष. तुमच्या त्या मेणाच्या मांडवात बाटिक लिहायला किती बायका बसतात?"

"दहा-बारा."

"त्यांना पुस्तक सांगायला नको. कापड सांग."

मांडवात चुलींभोवती बायका बसल्या होत्या. गप्पा चालल्या होत्या, मेणाचा वास पसरला होता. निळ्या पायांची वेनिंग समोर उभी राहिली तशी सगळ्यांत थोरली बु रुबिनेम म्हणाली, "ही कोण परी? अर्धी बुडवून काढलेली?"

वेनिंगने एकच वाक्य म्हटलं. "म्बाह वगियेमच्या दोरीवर स्लोबोग आहे."

बु रुबिनेमच्या हातातल्या लेखणीतून मेणाचा थेंब कापडावर पडला. तिने तो पुसला नाही. मरणाची बातमी ऐकल्यावर म्हणतात तसं हलकेच "इन्ना लिल्लाही" म्हणत ती उठली.

"आणि त्या मेल्या भाच्याने वाडीला कळवलंसुद्धा नाही?"

आजाऱ्याच्या दारावरून आम्ही परत फिरतो, कारण घरच्यांची भीड असते. मयताच्या दारावरून कुणी परत फिरत नाही. तिथे परवानगी लागत नाही, बोलावणं लागत नाही. पाव तासात ओढ्यावरून वाडी निघाली. बायकांच्या डोक्यावर तांदूळ, साखर, चहा. पुरुषांच्या खांद्यावर खुर्च्या, मयताच्या आंघोळीची फळी, दोन कुदळी. सगळ्यांच्या मागे टोपी नीट करत पाक सार्दी.

"ताई," गेंडिसने विचारलं, "आपण खोटं बोललो का?"

"दोरीवर काय आहे तेवढंच सांगितलं." स्लोबोग खोटं ठरावं, एवढंच वेनिंग मनात घोकत होती.

सुगेंगने दार किलकिलं केलं आणि समोर खुर्च्या बघून तसाच थिजला.

"धीर धर, बाळा," बु रुबिनेम म्हणाली.

"कसला धीर?"

"सरक. न्हाऊ घालायचंय."

"कुणाला? ती झोपलीय. कोण म्हणालं मेली?"

"तूच टांगलंस की स्लोबोग."

"काय टांगलं? ती म्हणाली तपकिरी घाल, मी घातलं. आत येऊ नका, लागण होईल."

"मयताची लागण आम्हाला साठ वर्षांत झाली नाही," असं म्हणत बु रुबिनेमने खांदा लावला. तिच्या मागे बारा खांदे होते.

परसात वेनिंग, रेंग्गा आणि गेंडिस एकमेकांना धरून उभी राहिली. आतून आवाज येईना. ओढा वाहत होता. दोरीवरचं कापड एकदा फुगलं आणि खाली बसलं. गेंडिसने डोळे मिटून घेतले.

मग आतून बु रुबिनेमचा आवाज आला, चिरका, ओळखू न येणारा. "ऊब आहे. अगं, अंगाला ऊब आहे. कुणीतरी मंत्रींना बोलवा."

मंत्री म्हणजे दवाखान्यातले कंपाउंडर. ते सायकलवरून आले, नाडी बघितली, चहाच्या पेल्याचा तळ बोटाने खरवडला. "झोपेच्या गोळ्या. एकीच्या जागी तीन-तीन. छाती तर स्वच्छ आहे. आणखी एक दिवस गेला असता तर…"

सुगेंग चुलीशेजारी खाली बसला होता. "ट्रक येईपर्यंतच शांत राहावी म्हणून देत होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "घर, पेटी, सगळं ठरलं होतं. तिने एकदाही 'नाही' म्हटलं नाही." एका बाईने त्याच्यापुढेही पाण्याचा पेला ठेवला.

उन्हं कलली तेव्हा शहाळ्याचं पाणी घोट घोट पिऊन म्बाह भिंतीला टेकून बसली. पाक सार्दींनी सुगेंगला बाहेर पाठवलं आणि ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. "म्बाह, आता कुणी नाही. सेमारांगला जायचंय?"

म्बाहने शहाळं खाली ठेवलं.

"ओरा," ती म्हणाली.

नाही. असला उघडा, बिनपदराचा नकार वाडीच्या प्रमुखाला आजवर कुणी दिला नव्हता. दोघीतिघींनी तोंडावर हात ठेवले. पाक सार्दींनी मान खाली घातली.

"इंग्गिह, म्बाह," ते म्हणाले.

मग ते बाहेर आले, तिघांच्या पुढ्यात उभे राहिले. म्हणाले, "पोरांनो, सकाळी तुम्ही आलात तेव्हा माणूस तुम्ही होतात आणि घाबरलेला पक्षी मी. आज वाडीची लाज तुम्ही राखलीत." आणि सगळ्यांसमोर त्यांनी रेंग्गाच्या, गेंडिसच्या आणि त्या निळ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"ट्रकवाल्याला कोण परत पाठवणार?" रेंग्गाने विचारलं.

"मी. कुदळी इथेच राहू देत म्हणतो उद्यापर्यंत. बघूनच समजेल त्याला."

एक अडचण उरली. मयताघरी आणलेले तांदूळ परत न्यायचे नसतात, ते अशुभ. बायकांनी विचार केला आणि चूल पेटवली. नारळाच्या दुधातला भात, टोफूची भाजी, सोयाबीनचं तळलेलं तेंपे असा मोठा स्वयंपाक झाला आणि अख्खी वाडी परसात पंगतीला बसली. म्बाहला चटईसकट उचलून मध्ये आणलं. तिने वेनिंगच्या मांडीला टेकून, गेंडिसच्या हातून, स्वतःच्या मयताचा भात खाल्ला. सावकाश, एकेक घास. पानातला भात संपला तसं तिने पान पुढे केलं.

"आणखी वाढ," ती म्हणाली. "थोडी मिरची पण."

गेंडिसने वाढलं. तिचं लक्ष म्बाहच्या तोंडाकडेच होतं, त्यामुळे मिरची जरा जास्तच पडली, पण म्बाहने ती काढली नाही.