बिनदाराच्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेची अंधारखोली तळघरात होती. बाहेर टिसा नदीवर लख्ख ऊन पडलेलं असलं तरी आत सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखेरीज उजेड नसायचा. ओलसर कागदाचा आणि तापलेल्या तारेचा वास यायचा. सेगेड शहरात नोकरीला लागल्यापासून माझा बहुतेक वेळ तिथंच गेला, आणि मला ती खोली आवडायची.

आमचं काम एका प्रथिनावर चालायचं. ते पेशीच्या पृष्ठभागावर असतं आणि एक विषाणू नेमका त्यालाच धरून आत शिरतो. आम्ही त्याला सरळ ‘दार’ म्हणायचो. कुठल्या पेशीला दार आहे हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी फक्त त्या दारालाच चिकटेल असं प्रतिपिंड लागतं. त्यावर हिरवा चमकता रंग चढवला, की दार असलेल्या पेशीभोवती बारीक हिरवी कडा उमटते. दार नसेल तर काळोख.

असं प्रतिपिंड सशाच्या रक्तात तयार करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सशांमागून ससे झाले. माझं प्रतिपिंड दाराला चिकटायचं, भिंतीला चिकटायचं, काचेलासुद्धा चिकटायचं.

“एमोके, तुझं प्रतिपिंड फार मनमिळाऊ आहे बघ,” आमचे विभागप्रमुख सिलार्ड सर म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे.

मग माको गावाहून बोरोका आली. माझ्याहून लहान, डावखुरी, मोठ्यांदा हसणारी. तिच्या पहिल्याच सशाच्या रक्तातून जे प्रतिपिंड निघालं ते निर्दोष होतं. हिरव्या कडा इतक्या रेखीव, की सर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी इथल्या रीतीनं तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्या वर्षी विभागात एकच कायमची जागा निघणार होती. ती माझीच, असं आदल्या वर्षापर्यंत सगळे धरून चालले होते.

दुपारच्या जेवणाला आता लोक तिच्या टेबलाशी दाटीवाटीनं बसत. मी कोपऱ्यातून बघायचे. ती पावाचा तुकडा मोडून मासळीच्या लाल रश्शात बुडवायची, बोलता बोलता चाटायची, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नसे.

एक दिवस मी तिच्या प्रतिपिंडाच्या बाटलीतला थेंब मागून घेतला. “घे ना गं, विचारतेस काय!” ती म्हणाली. त्या उदारपणाचाही मला राग आला.

आमच्याकडे काही पेशी अशा होत्या, की त्यांतलं दाराचं जनुकच कापून टाकलेलं होतं. बिनदाराच्या पेशी. त्यांवर कुठलंही चांगलं प्रतिपिंड चमकता कामा नये. मी बोरोकाचं प्रतिपिंड त्यांच्यावर टाकलं, नीट धुतलं आणि अंधारखोलीत जाऊन डोळा लावला.

काळोख होता. मग वरच्या जिन्यात बोरोकाचं हसू ऐकू आलं, आणि एकेका पेशीभोवती हिरवी कडा उजळत गेली.

मी दिवा तपासला. काच बदलली. दुसरी काच घेतली, तिच्यावरही हिरवं. मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. तिचं प्रतिपिंड खोटं होतं! मी धावत जाऊन सरांना घेऊन आले.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. “काय बघायचंय यात? काळोख आहे. असायलाच हवा.”

“नीट बघा सर, कडा…”

“एमोके,” ते हळू आवाजात म्हणाले, “थोडे दिवस सुट्टी घे. असं होतं माणसाचं. मी समजू शकतो.”

ते गेल्यावर मी पुन्हा पाहिलं. काळोखच होता. मग सरांनी ज्या स्वरात ‘समजू शकतो’ म्हटलं तो स्वर मला आठवला, आणि कडा पुन्हा पेटल्या.

सुट्टी मी घेतली नाही. वेगळा प्रयोग केला. लाकडी काडीनं स्वतःच्या गालाचा आतला भाग खरवडला आणि त्या पेशी काचेवर घेतल्या. आमचं दार गालाच्या पेशींत नसतं. तुलनेसाठी बोरोकाकडेही मागितल्या. तिनं हसत तोंड उघडलं.

दोन्हींवर तिचं प्रतिपिंड टाकलं, तर तिच्या पेशी काळ्या निघाल्या. माझ्या पेशी कडेपासून गाभ्यापर्यंत हिरव्या होत्या. सूक्ष्मदर्शकात डोळा दिपत होता.

“बघू, बघू,” म्हणत बोरोकानं मला खुर्चीवरून उठवलं. तिनं डोळा लावला. तिला दिसलं. “अगं बाई! एमोके, तुझ्यात नुसती दारंच दारं!” ती हसली. मग मध्येच थांबली. डोळा तसाच लावून तिनं विचारलं, “कुणासाठी उघडी ठेवलीयेस गं एवढी?”

अंधारात तिचा श्वास मला माझ्या मानेवर जाणवत होता. ती तर माझ्याकडे पाठ करून बसली होती.

त्यानंतर माझे हात सुधारले. दुसरा शब्द मला सापडत नाही. थेंब जिथं पडायला हवा तिथंच पडू लागला. ‘तू डाव्या हातानं कधीपासून काम करायला लागलीस?’ असं कुणीतरी विचारलं तेव्हा मला ते कळलं.

बोरोकाच्या हातून मात्र बाटल्या निसटू लागल्या. स्वतःच्याच प्रतिपिंडाच्या कडा तिला नीट मिळेनात. ती कपाट उघडून उभी राहायची आणि काय घ्यायला आलो ते विसरायची. जेवताना ती कोपऱ्यात बसू लागली. माझ्या टेबलाशी आता जागा मिळायची नाही. रश्शात पाव बुडवून चाटताना मला कुणाची लाज वाटत नसे.

कायमची जागा मला मिळाली. सरांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. टाळ्या वाजल्या. मी बोरोकाकडे पाहिलं. तीही हसत होती. माझ्यासारखं. तोंड मिटून, एका बाजूनं.

एका शनिवारी सकाळी ती माझ्या दाराशी आली.

“आईकडे जायचंय,” ती म्हणाली. “बसस्टॉपवर उतरल्यावर कुठं वळायचं तेच आठवत नाहीये. तू येशील का सोबत?”

“मी तुझं घर कुठं पाहिलंय?”

“नाही पाहिलंस,” ती म्हणाली. “पण तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं.

माकोला उतरलो. रस्त्याकडेला कांद्याच्या जाळीदार गोण्या रचलेल्या होत्या. मी पुढे, ती मागे. चर्चपाशी डावीकडे, पंप ओलांडून, हिरव्या फाटकाचं घर. फाटकाची कडी वर उचलून मग ढकलायची असते. माझ्या हातानं ती तशीच उचलली.

तिची आई पीठ भरलेल्या हातांनी बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं आणि मला घट्ट मिठीत घेतलं.

“किती वाळलीस गं बोरोका! जेवतेस की नाही?”

मी म्हणायला हवं होतं, की मी बोरोका नव्हे. पण त्या मिठीत उकडलेल्या आलुबुखाराचा वास होता, आणि इतक्या प्रेमानं मला त्याआधी कुणी जवळ घेतलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

डोळे उघडले तेव्हा बोरोका अंगणातल्या बाकावर बसलेली दिसली. पाहुण्यासारखी, पिशवी मांडीवर घेऊन.

स्वयंपाकघरात मी न विचारता खसखशीचा डबा काढला. आईनं आलुबुखार भरलेले उंडे ताटात वाढले. तीन ताटं.

“तुझी ती मैत्रीण बाहेरच का बसलीय?”

“लाजते,” मी म्हणाले.

“लाजायचं काय त्यात? बोलव तिला. नाव काय तिचं?”

मी खिडकीतून पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तोंड मिटून, काहीतरी मागत असल्यासारखी. ती नजर मी ओळखली. कोपऱ्यातल्या टेबलावरून मी रोज तसंच बघायचे.

मी तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं. पण ते नाव दुसऱ्या कुणाचं म्हणून ओठांवर येईना.

“अगं, नाव काय?”

“एमोके,” मी म्हणाले.

आईनं खिडकी उघडली. “एमोके! ये गं आत. निवतंय सगळं.”

बाकावरची बाई लगेच उठली.

“आले,” ती म्हणाली.