आबासाहेबांच्या गालावरचा थेंब

दूध संघाच्या सभागृहात व्यासपीठाच्या डाव्या हाताला काचेची एक पेटी होती आणि तिच्यात दुधाचं पातेलं. त्या दुधाला विरजण लावून चार वर्षं झाली होती, पण दही काही लागलं नव्हतं. उजव्या हाताला काचेची खोली होती, आणि तिच्यात खुर्चीवर संघाचे संस्थापक अध्यक्ष आबासाहेब हिरुगडे बसले होते. त्यांनाही चार वर्षं झाली होती.

आज संघाची वार्षिक सभाही होती आणि आबासाहेबांचा वाढदिवसही. सभासद रांगेनं येत होते, काचेला डोकं टेकवत होते आणि पुढे सरकून पेढ्याचा डबा घेत होते. एकानं तर पेढा काचेवरच टेकवला, बरोबर आबासाहेबांच्या तोंडासमोर. तुपाचा ओघळ काचेवरून खाली आला. तो कुणी पुसला नाही.

या दोन्ही काचांमागच्या यंत्राच्या वार्षिक तपासणीसाठी पुण्याहून आलेल्या वैजयंती खोचरेनं ते बघून तोंड फिरवलं. ती भौतिकशास्त्रज्ञ होती. समोरची वस्तू आहे त्या क्षणी थांबवून ठेवणारं हे ‘टकयंत्र’ तिच्याच प्रयोगशाळेत जन्मलं होतं, आणि तेही दूध नासू नये म्हणून. टँकरसाठी बनवलेल्या यंत्रासमोर माणूस बसवावा, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी संचालकांच्या निवडणुकीच्या तोंडावर, भर सभेत आबासाहेबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. रुग्णवाहिका येईपर्यंत म्हणून मुलानं, रणधीरनं, त्यांना सभेत दाखवायला आणलेल्या यंत्रासमोर बसवलं. रुग्णवाहिका आली. ती दारातूनच परत पाठवण्यात आली.

कारण उघड होतं. आबासाहेब जिवंत असेपर्यंत अध्यक्ष तेच, असा संघाचा नियम होता. ते बरे होऊन आले असते तर हिशेब विचारले असते, आणि गेले असते तर खुर्ची गेली असती. असे अधांतरीच ते सोयीचे होते. ठरावावर अंगठा घेता यावा म्हणून काचेला हातापुरती फट ठेवली होती. त्यांचा अंगठा शाईनं निळा पडला होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ असतात, पण हे त्यांच्याही पुढचे निघाले. यांना मढं होईपर्यंतही धीर नव्हता.

काचेच्या खोलीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत आबासाहेबांच्या पत्नी बसल्या होत्या. गाव त्यांना अक्का म्हणे. त्यांनी वैजयंतीला जवळ बोलावलं.

“बाई, ह्ये यंत्र करतंय तरी काय? मला कुणी नीट सांगितलंच न्हाई.”

वैजयंती त्यांच्या शेजारी टेकली. “ते बघतं, अक्का. अणूंच्या जगात एक विचित्र गोष्ट असते. एखादा कण बदलायच्या बेतात असताना त्याच्याकडे बघितलं की तो पुन्हा पहिल्या जागी येतो. सारखं बघत राहिलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत कोट्यवधी वेळा, तर त्याला बदलायला फुरसतच मिळत नाही.”

“लहानपणी आई म्हनायची, विरजण लावलं की झाकण उघडून सारखं बघू नगंस, दही लागायचं न्हाई.”

“जवळपास तसंच.” वैजयंतीला पहिल्यांदाच हसू आलं.

“मग एवढी मानसं रोज यांच्याकडं बघत्यात, त्यानं काय हुतंय?”

“काहीच नाही. इथं बघणं म्हणजे डोळे नव्हेत. यंत्र प्रकाशाचा कण सोडतं, तो अणूला लागून परत येतो आणि तो अणू कसा आहे याची खूण मागे राहते. ते खरं बघणं. माणसं काय, नुसती येऊन जातात.”

अक्कांनी बोटानं आबासाहेबांच्या गालाकडे दाखवलं. “मग त्यो थेंब का सरकतोय?”

वैजयंतीनं मान वर केली. गालाच्या मधोमध अश्रूचा एक थेंब होता. सभागृहाच्या भिंतीवर दर वाढदिवसाचे फ्लेक्स ओळीनं टांगलेले होते, सगळ्यांवर याच खोलीतला फोटो. पहिल्या फ्लेक्सवर थेंब डोळ्याच्या कडेला होता. दुसऱ्यावर पापणीखाली उतरलेला. पुढे नाकपुडीच्या रेषेत. यंदाच्या फ्लेक्सवर त्याला लाल गोल करून खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘कार्यकर्त्यांचं प्रेम पाहून साहेबांच्या डोळ्यांत आनंदाश्रू!’

तिनं ओळीतले सगळे फ्लेक्स पुन्हा पाहिले. यंत्राची नजर किंचित चुकत होती. निसटत्या क्षणांमधून आबासाहेबांचा काळ पुढे सरकत होता, मुंगीच्या पावलानं, पण सरकत होता.

“म्हंजी त्यास्नी कळतंय?” अक्कांनी विचारलं. “त्या दिवशी डोसकं धरून वराडले हुते. त्ये दुखणं अजून चालूच हाय?”

“मला माहीत नाही,” वैजयंती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला स्वतःचीही किळस आली. “पण त्यांच्या शरीराला आत्ता कुठे काही मिनिटं झाली आहेत. गुठळी ताजी आहे. यंत्र बंद करून लगेच शहरातल्या रुग्णालयात नेलं तर कदाचित वाचतील. कदाचित नाही.”

“म्हंजी तवाच वाचले असते?”

वैजयंतीनं फोन काढला आणि शहरातल्या डॉक्टरांशी बोलून रुग्णवाहिका मागच्या, टँकरच्या फाटकाशी बोलावून घेतली.

रुग्णवाहिका आल्याचं कळताच वैजयंतीनं रणधीरला गाठलं आणि वडिलांना लगेच हलवायला हवं, असं सांगितलं. तो फेटा बांधून घेत होता.

“मॅडम, तुम्ही मशिनपुरतं बघा,” तो गोड आवाजात म्हणाला. “वडिलांचं आम्ही बघतोय की.”

सभा सुरू झाली. सचिवांनी ठराव वाचला. आबासाहेबांची प्रकृती स्थिर असल्यानं अध्यक्ष तेच राहतील, आणि पुढची पाच वर्षं कारभार पूर्वीप्रमाणेच रणधीरदादांनी पाहावा.

“मंजूर?”

“मंजूर! मंजूर!” सभागृह एका सुरात ओरडलं. ठराव वाचायचा, मंजूर ओरडायचं आणि पेढे घ्यायचे, ही शिस्त आबासाहेबांनीच सभासदांना लावली होती. त्यांच्या काळात विरोधाचा हात वर झाला की माणूस पुढच्या सभेला दिसत नसे.

अक्का उठल्या, व्यासपीठाची पायरी चढल्या आणि भिंतीवरचा यंत्राचा मोठा खटका त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढला.

इतकी वर्षं चालू असलेली घरघर थांबली. आबासाहेबांच्या कॉलरवर चार वर्षं बसून असलेली माशी उडाली. गालावरचा थेंब घरंगळला आणि शालीवर पडला. मग त्यांची छाती वर आली, आणि घशातून कण्हण्याचा आवाज निघाला. अर्धवट राहिलेली ती किंकाळी आत्ता पुरी होत होती.

रणधीर धावला. वडिलांकडे नाही, खटक्याकडे. अक्का खटक्याला पाठ लावून उभ्या होत्या.

“चालू करा!” तो माईक हातात असल्याचं विसरून ओरडला. “मशिन चालू करा!”

आणि सवयीनं सभागृहातून आवाज आला, “मंजूर! मंजूर!”

काहींना अर्ध्या शब्दात उमगलं आणि ते थांबले. बरेचजण थांबले नाहीत. काचेच्या खोलीत आबासाहेबांचे डोळे त्या आवाजाच्या दिशेनं वळले. त्यांनीच शिकवलेला तो सूर त्यांना ओळखू आला असावा, कारण त्यांचा निळा अंगठा खुर्चीच्या दांड्यावरून थरथरत वर उचलला गेला.

तोवर वैजयंतीनं काचेचं दार उघडलं होतं. रुग्णवाहिकेतली दोन माणसं मागच्या दारातून स्ट्रेचर घेऊन आत आली होती. पण व्यासपीठ आणि ते मागचं दार यांच्यामध्ये अख्खी सभा उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात फोन होता. शेकडो कॅमेरे आबासाहेबांवर रोखलेले होते, प्रत्येक श्वासाचं चित्रण चाललं होतं.

“वाट सोडा!” वैजयंती किंचाळली. “बाजूला व्हा! वेळ नाही!”

जागचं कुणी हललं नाही. सगळे बघत होते.

एवढ्या डोळ्यांत एक तरी डोळा असा होता का, ज्याच्या बघण्यानं काही बदलणार होतं?