शेऱ्याचा रकाना

मावशी त्या माणसाला शोधत जिना उतरली ती भांडायलाच. आणि तो तिला जिन्यातच सापडला.

"जुन्या शाळेमागची विहीर तुम्हीच का?" मावशीने विचारलं.

तो दचकला. हातातलं टेपचं रीळ त्याने छातीशी धरलं. "मी… नाही, मी विहीर नाही. मी मोजणारा."

मी वरच्या पायरीवर दप्तरासकट उभी होते, त्यामुळे हे मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मावशीला हसू आलं होतं आणि तिने ते गिळलं, हेही मला दिसलं. मागून पण दिसतं. कान हलतात.

माझी शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत मी मावशीच्या ऑफिसात बसते. मावशी भूजलाचं मॉडेल बनवते. म्हणजे गावाच्या पोटात पाणी कुठून कुठे सरकतंय त्याचा नकाशा कॉम्प्युटरवर तयार करायचा. त्याला विहिरींतल्या पाण्याची मापं द्यायची, मग तो सांगतो की कुठली विहीर किती वर्षांनी आटणार. सॉफ्टवेअर अतिशय हुशार आहे आणि अतिशय हट्टी. त्याला साधी मजकुराची फाइल लागते, नीट रकाने पाडलेली. विहिरीचा नंबर, नकाशावरची जागा, तारीख, पातळी. एक रकाना सरकला की सगळं मुसळ केरात.

आणि या माणसाने नंबराच्या जागी विहिरीचं नाव लिहिलं होतं, मधे जागा सोडून. 'जुन्या शाळेमागची विहीर'. सॉफ्टवेअरने त्याचे तीन रकाने केले आणि पुढचे सगळे आकडे दोन घरं सरकले, जागेचा आकडा थेट पातळीच्या घरात.

"तुमच्या कृपेने शाळेमागे पाण्याचा डोंगर उभा राहिलाय," मावशी म्हणाली. "पाच लाख मीटर उंच. येऊन बघा."

तो आला, बघितला. निळ्या नकाशात मधोमध एक सुई आभाळात घुसली होती.

"छान दिसतोय की," तो म्हणाला… हळूच.

त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती. उभ्या उभ्या तो एकेक काढायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा, मावशीची फरशी खराब होऊ नये म्हणून. मावशी ते बघत होती. मी मावशीला बघत होते.

"हे बघा, टेपवाले," ती म्हणाली, आणि त्याचं नाव पडलं ते पडलंच. "आधीच्या रकान्यांत फक्त आकडे. प्रत्येक आकड्यानंतर टॅब. आणि आकड्यांत न मावणारं जे काही असेल ना, ते शेवटच्या रकान्यात. त्याला शेरा म्हणायचं. तिथे काय वाट्टेल ते लिहा."

"वाट्टेल ते?"

"वाट्टेल ते."

पुढच्या महिन्याची फाइल अगदी सरळ आली. मावशीने ती उघडून शेवटचा रकाना मला वाचून दाखवला. अकरा नंबरच्या विहिरीपुढे लिहिलं होतं, 'आत मांजर. बाहेर काढलं. चावलं.' मावशी इतकी हसली की साहेबांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. टेपवाले आले तेव्हा अंगठ्याला पट्टी होती.

"मांजर बरं आहे का?" मावशीने विचारलं.

त्यांचा चेहरा असा उजळला… "वाचलंत तुम्ही?"

"वाचते तर. लिहिता कशाला मग?"

इथून ते सुरू झालं. महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला की मावशी निळा ड्रेस घालायची आणि 'सापडला हाताला' म्हणायची. कपाटातून एक जास्तीचा कप निघायचा, त्याला तडा नसायचा. टेपवाले समोर बसायचे, चहा निववत. बोलायचे मात्र मोजकंच.

"टेपवाले, तीस-तीस मीटर खोल मोजता, आणि बोलता दोनच शब्द?"

"तीन बोललो आज."

"कुठले?"

"'साखर पुरे झाली.'"

मावशी खिडकीकडे बघून हसायची. एकदा त्यांनी टेपचं टोक तिच्या पाण्याच्या ग्लासात सोडलं. पाण्याला टेकताच रिळातून 'पीं' असा बारीक आवाज आला. "हा," ते म्हणाले, "दिवसभर मी याची वाट बघत असतो. खाली अंधार, काही दिसत नाही. पण हा वाजला की कळतं… आहे."

मावशीने ग्लास नंतर धुतला नाही. मी विचारलं तर म्हणाली, आगाऊपणा नको.

"तूच विचार ना त्यांना," मी म्हणायचे.

"काय विचारू?"

"मावशी."

"विचारायचं असेल तर तो विचारेल. जमिनीखालचं पाणी दिवसाला वीतभर सरकतं, माहितीये? तरी पोचतं."

आता माझा भाग. तो लिहिताना माझा हात जड होतोय, पण लिहायलाच हवा.

चौथ्या महिन्यात विहिरी वीसवरून साठ झाल्या. मावशीची मान वर होईना. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर चार पानं प्रश्न विचारतं — फाइल कुठली, रकाने कशाने वेगळे केलेत, कुठला रकाना कशाचा, कुठला सोडून द्यायचा. शाळेत नुकतंच मला विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेलं, त्यामुळे मी हवेत होते. मला सगळं येतं असं मला वाटायचं. मी मावशीला म्हटलं, "हे एकदाच ठरवून साठवून ठेवता येतं. मग नुसतं बटण."

"कर मग, शहाणे. माझा तेवढा वेळ वाचव."

मी केलं. पहिला रकाना नंबर, मग जागा, तारीख, पातळी. शेवटच्या रकान्यापाशी सॉफ्टवेअर अडलं. त्याला शब्द चालत नाहीत. मी तिथे 'वगळा'वर खूण केली.

"शेरे मी नंतर वेगळे वाचेन," मावशी म्हणाली.

नंतर. आम्ही दोघी खूश होतो. चाळीस मिनिटांचं काम वीस सेकंदांत. फाइल आतून बघायची गरजच उरली नाही.

सहाव्या महिन्यात टेपवाले आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. कुसळं घरूनच काढून आलेले. चहा त्यांनी हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"फाइल… बघितलीत?"

"बघितली की. एकदम स्वच्छ. एकही चूक नाही."

"नाही, म्हणजे… सगळी बघितली?"

"सगळी. साठच्या साठ."

त्यांनी कप टेबलाच्या कडेला सरकवला. बाहेर पावसाची बारीक झड लागली होती, पन्हळीतून थेंब थेंब गळत होतं. "तुम्हाला काही बोलायचं नाही?" त्यांनी विचारलं.

मावशी गोंधळली. गाल लाल झाले. मला वाटलं, आता. आता कोणीतरी बोलणार. पण मावशीला वाटलं तेच आधी बोलतील, म्हणून तिने नेहमीसारखी थट्टा केली. "नाही बाई. अशाच फाइली देत जा म्हणजे झालं."

"बरं," ते म्हणाले.

चहा तसाच राहिला. जाताना छत्री विसरले, नंतरही कधी मागितली नाही. मावशीने ती दारामागे अडकवून ठेवली.

त्यानंतर ते यायचे, पण फाइल पोचली का एवढं विचारून लगेच निघायचे. मावशी जास्तीचा कप काढायची आणि परत ठेवायची. "काही बिनसलंय का त्यांचं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "कामाचा ताण असेल." मला काय माहीत होतं.

मग विहिरींत सेन्सर बसवायचं ठरलं. पाण्यात सोडलेली नळी दर तासाला आपोआप पातळी पाठवणार, माणूस लागणारच नाही. ते साठ सेन्सर टेपवाल्यांनीच बसवले. शेवटच्या दिवशी ते आले आणि टेपचं रीळ मावशीच्या टेबलावर ठेवलं.

"ऑफिसची वस्तू आहे," ते म्हणाले. "जमा करून घ्या."

"कुठे निघालात?"

"चुलतभावाकडे. तिकडे दुसरं काम आहे, बोअर घ्यायच्या मशीनवर."

"लांब आहे?"

"लांबच."

मावशी दारामागची छत्री घेऊन फाटकापर्यंत गेली. फाटक खिडकीच्या अगदी खालीच, मी वरून बघत-ऐकत होते. दोघं इतका वेळ उभे राहिले की पहारेकऱ्याने विचारलं, काही हवंय का. मग मावशीने छत्री त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "येतो." असं म्हणून माणसं जातात, हे मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं.

दोन आठवड्यांनी सेन्सरची पहिली फाइल आली. मी बटण दाबलं. सॉफ्टवेअर म्हणालं, पाण्याची पातळी — एकही नोंद नाही. परत दाबलं. परत तेच.

मावशी केबिनमध्ये साहेबांशी बोलत होती. म्हटलं, आपणच शोधू चूक. सेन्सरच्या फाइलमध्ये पातळी नेहमीच्या जागी नव्हती, शेवटच्या रकान्यात होती. आणि माझं जुनं ठरलेलं होतं, शेवटचा रकाना वगळा. बरोबर, म्हणून नोंद नाही. आधीच्या फाइलींत त्या जागी शेरे असायचे, नाही का? पडताळायला मी टेपवाल्यांची एक जुनी फाइल उघडली. साधी, मजकूर म्हणून.

चौथा महिना. सात नंबरची विहीर. 'इथल्या कठड्यावर बसून डबा खाल्ला. तुम्ही असतात तर अर्धा दिला असता.'

पाचवा महिना. विसाव्या विहिरीपुढे, 'काय सांगायचं ते पहिल्या विहिरीपासून ठरवत आलो.' एकविसाव्यापुढे, 'विसरलो.'

मी हसले. खरंच हसले. मग सहावा महिना उघडला. साठावी ओळ.

'मॅडम, मला तोंडाने जमत नाही. आकड्यांत न मावणारं इथे लिहा, असं तुम्हीच म्हणालात. तर लिहितो. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. नको असेल तर काहीच बोलू नका. मला कळेल, आणि मी पुन्हा विचारणार नाही.'

सातव्या महिन्यापासून शेवटचा रकाना रिकामा होता. साठ ओळी, आणि कडेला काही नाही.

मावशी केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं. खुर्चीची पाठ धरली. मग जुन्या फाइली उघडून पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मांजरापासून.

"हा रकाना वगळायची खूण…"

"मी केली," मी म्हटलं. "मावशी, मी केली ती."

माझी वेणी सुटली होती, ती तिने हळूहळू बांधली, घट्ट. "वाचेन म्हणाले होते मी," ती म्हणाली. "वाचायचं काम माझ्याकडे होतं."

"फोन कर. आत्ता. अजून वेळ गेलेली नाही, दोनच आठवडे झालेत. कर ना गं."

तिने केला. माझ्यासाठी स्पीकर लावला असेल, किंवा चुकून लागला असेल. मागे मशीनची धडधड होती.

"मॅडम? फाइलमध्ये काही चूक निघाली का?"

मावशीने डोळे मिटले. मी मान हलवून हलवून सांगत होते, बोल, बोल.

"चूक… हो, म्हणजे, त्याचसाठी केला होता. एक विचारायचं होतं."

"बरं झालं केलात. मलाही एक सांगायचं राहिलं होतं. माझं लग्न ठरलंय. येत्या रविवारी." ते थांबले. मशीनही कोणीतरी बंद केलं. "मुलगी चांगली आहे. तिला मी सगळं सांगितलंय. तुमचंही. ती म्हणाली, एकदा विचारून तरी घ्या, म्हणजे मनात राहायला नको."

"काय विचारायचं?"

"तुम्ही ते शेरे… वाचायचात ना?"

एक शब्द हवा होता. 'नाही' म्हटलं की सगळं उलटं वळलं असतं. मी मावशीचा हात पकडला. टेबलावर रीळ पडलं होतं. तिची नजर त्याच्यावर होती आणि मला माहीत होतं की ती त्या दुसऱ्या मुलीचा विचार करतेय, जिला तिने कधी बघितलंही नव्हतं, जिने खरं ऐकून घेतलं होतं आणि वर, विचारून घ्या, असं म्हटलं होतं.

"वाचायचे," मावशी म्हणाली. "सगळे."

तिकडून सुस्कारा ऐकू आला. जड काहीतरी खाली ठेवल्यासारखा.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "नाहीतर वाटत राहिलं असतं. आणि तुम्हाला काय विचारायचं होतं?"

"मांजर," मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता, रूळ ठेवून आखल्यासारखा. "त्या अकरा नंबरच्या विहिरीतलं. पुढे काय झालं त्याचं?"

ते हसले. "माझ्याकडेच आहे. बरोबर आणलंय."

"सुखी राहा, टेपवाले."

तिने फोन ठेवला. मी रडत होते, ती नव्हती. तिने माऊस घेतला, चार पानांतलं तिसरं पान उघडलं, शेवटच्या रकान्यावरची 'वगळा'ची खूण काढली आणि तिथे 'पातळी' निवडलं. साठही विहिरी नकाशावर आल्या.

संध्याकाळी तिने रीळ पर्समध्ये घातलं, आणि घरी न जाता आम्ही दोघी जुन्या शाळेमागे गेलो. चालून चालून आमच्या कपड्यांना कुसळं लागली. तिने कठड्यावरून टेप सोडला. खाली काही दिसत नव्हतं. टेप जातच राहिला, जातच राहिला… आणि मग खालून तो बारीक आवाज आला.

मावशीने तो ऐकला. मग थोडा वर ओढून, परत सोडून, पुन्हा एकदा ऐकला.