गिरजाबाईंचा चार्ज

बस पोरी, चहा घे. उद्या रुजू व्हायचंय ना तुला? मग हे ऐकून ठेव. तुला भिववायला सांगत नाही. तेहतीस वर्षं या पेण तालुक्यात मी नर्सा शिकवल्या, कामाला लावल्या आणि धरून ठेवल्या. शिकवणं सोपं गो, टिकवताना घाम फुटतो.

साल अठ्ठ्याहत्तर. खाडीकाठच्या एका गावात आमचं उपकेंद्र होतं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे मिठागर. गावाचं नाव सांगत नाही, तिथली जागा अजूनही भरावी लागते. दोन वर्षांत चार पोरी तिथून पळाल्या होत्या. पाचवी शकू. रोह्याची, माझ्याच हाताखाली शिकलेली, हलक्या हाताची. तिचाही राजीनामा आला. पाठोपाठ वरून पत्र आलं की ही गेली तर जागाच दुसऱ्या तालुक्याला देणार. मग बाळंतिणींनी काय खाडी पोहून पेणला यायचं? डोकं फिरलं माझं. राजीनामा पर्समध्ये कोंबला, सकाळची एसटी धरली आणि पुढे तासभर बांधावरून चालत गेले.

शकू ट्रंकेवर बसली होती.

"बाई, मी नाय राहणार हितं."

"का? कुणी त्रास देतंय?"

"त्रास नाय... मदत करतंय."

मला हसू आलं. तिला नाही आलं. ती म्हणाली, कळा लागलेली बाई दारात यायच्या आधीच आतल्या खोलीत स्टोव्ह पेटलेला असतो. कात्री, चिमटे उकळत असतात. नाळ बांधायचा दोरा कापून ठेवलेला असतो. गावातल्या बायकांना विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, "गिरजाबाय असंल."

गिरजाबाई मला चांगल्या आठवत होत्या, त्याच उपकेंद्राच्या आधीच्या नर्स. दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत तापानं गेल्या. आधी दोन महिने रजा मागत होत्या बिचाऱ्या, पण बदलीची नर्स मिळेना. आणि आमचा नियम असा, की बदलीची बाई समोर उभी राहिल्याशिवाय, तिला एकेक वस्तू दाखवून ताब्यात दिल्याशिवाय नर्सनं जागा सोडायची नाही. याला आम्ही चार्ज देणं म्हणतो. गिरजाबाईंनी तो कुणालाच दिला नव्हता. त्या गेल्यावर आमच्या कारकुनानं पेणला खुर्चीत बसून चार्ज दिल्याचा कागद रंगवला. तोच कागद घेऊन या पाचही पोरी तिथे गेल्या.

"अगं, सगळं उकळून मिळतंय तर बरंच की," मी म्हटलं. "सरकार कुठे मदतनीस देतंय?"

तेवढ्यात ओटीवर गलका झाला. कान्हू नावाचा मिठागरावरचा गडी बायकोला धरून आला होता.

"बाई, ठमाला लय त्रास हाय. पेणला न्यायची, तर उधाणानं आत्ताच बांध फुटून खांड गेली. वाट नाय राहिली."

भर दुपार होती. मी आतल्या खोलीचं दार ढकललं आणि वाफ तोंडावर आली. स्टोव्ह फरफरत होता, पातेल्यात चिमटे खडखडत होते. शकूनं माझं मनगट धरलं. भीती वाटली का? वाटली, खोटं कशाला बोलू! पण ठमा ओरडत होती, तिचं आधी बघायला हवं होतं.

मुलगी झाली, चांगली रडली. पण नंतर ठमाचं रक्त थांबेना. चादर भिजली, खाली थेंब पडायला लागले. शकू सलाईन लावत होती, मी पाठमोरी उभी राहून इंजेक्शन भरत होते.

"शकू, पोट दाबून धर! सोडू नकोस!"

वळले. ठमाच्या ओटीपोटाची कातडी आत दबली होती... तळव्याएवढा खळगा... आणि तो हळूहळू गोल फिरत होता. रक्त थांबवायला पोट चोळायला आम्ही शिकवतो ना, अगदी तसाच. शकूचे दोन्ही हात सलाईनच्या सुईवर होते. तापानं फणफणलेल्या अंगाचा वास माझ्या अगदी खांद्याजवळून आला. मी डोळे मिटले नाहीत. इंजेक्शन दिलं. रक्त थांबलं.

ठमाला बाहेरच्या खाटेवर निजवून मी आत परतले. स्टोव्ह अजून चालूच होता. म्हटलं, आता हे निस्तरायलाच हवं. गिरजाबाईंसाठी एक खुर्ची मांडली आणि समोर शकूला उभं केलं.

"गिरजाबाई, तुमची रिलीव्हर आलीय. चार्ज द्या."

मी सामानाची यादी वाचत गेले. कात्र्या, चिमटे, तसराळी, तराजू. एकेका वस्तूवर शकू हात ठेवत गेली. यादी संपली. स्टोव्ह काही विझेना.

"शकू, सांग त्यांना, तू राहणार म्हणून."

"बाई... मला घरी जायचंय..."

"तोंडानं म्हण!"

पोर दाराकडे वळली. मी तिचा दंड धरला तो सोडला नाही. ती जागा मला जाऊ द्यायची नव्हती.

"मी राहते," शकू म्हणाली. "मी हितून हलणार नाय."

स्टोव्ह फस्स करून विझला. राजीनामा मी तिथेच फाडला.

अकरा वर्षं टिकली शकू! प्रत्येक नव्या तुकडीला मी तिचं उदाहरण द्यायचे. मग रोह्याला तिच्या वडिलांना पक्षाघात झाला, तिनं लांब रजा घेतली. तिच्या जागी शांती नावाची मुलगी दिली, चार्ज माझ्यासमोर नीट दिला-घेतला. सहा महिन्यांनी मीटिंगला आलेली शांती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, स्टोव्ह आपोआप पेटतो."

"गिरजाबाई परत आल्या म्हणतात का बायका?"

"नाय बाई... त्या म्हणतात, शकूबाय येते."

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेले. दुपारचे तीन वाजले होते. शकू धडधाकट होती, नुकतीच झोपून उठली होती. तिचे वडील खाटेवरून बोबडं बोलले, की हल्ली दुपारी ही निजली की हाका मारून उठत नाही. मला बघून ती हसली, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तिचा हात धरला आणि उजेडाकडे वळवून बघितला. सहा महिन्यांत तिनं एकही बाळंतपण केलं नव्हतं. आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगावर असतो तो पांढरा, चिकट लेप तिच्या दहाही नखांत होता, अजून ओला.