तिसऱ्यांदा तेच फाटक

तिसऱ्यांदा तेच फाटक! रंग उडालेलं, एका बिजागरीवर लोंबकळणारं. आणि फाटकाशी तोच तरुण सुतार, तोंडात दोन स्क्रू धरून बसलेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर शाळेतल्या वह्या तपासून डोकं उठलं होतं, म्हणून ती एक दिवस पायी भटकायला या एवढ्याशा वाडीत आली होती. टेकडीवरचं तळं पाहायचं, चारच्या बसने परतायचं, इतकंच मागणं. सकाळी इथेच पाणी मागितलं तेव्हा कळलं होतं, की वाटेवरचे लाकडी बाण यानेच बनवलेत.

"बाण डोळे मिटून लावता का हो?"

त्याने स्क्रू काढले. "सकाळीच सांगितलं ना, तो शेतवाल्या काकांनी वळवला होता. नवी पेरणी आहे ना... कोंब वर येईपर्यंत इथे बाण वळवून ठेवतात, म्हणजे शेत तुडवलं जात नाही."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेव्हा मी तो बांधावरच्या वाटेकडे सरळ केला होता. पण तुम्ही काकांवर इतक्या चिडून निघालात, की बाणाकडे पाहिलंच नाहीत."

हे खरं होतं, त्यामुळे ती आणखीच भडकली. "आत्ता तर नीट बघून वळले मी!"

त्याचे कान लालबुंद झाले. "तो... मी फिरवला."

"काय?"

"तळ्यावरून पलीकडचा उतार थेट बसपाशी जातो. तुम्ही परत दिसल्या नसत्यात."

"अहो, पाय माझे, सुट्टी माझी! विचारायला तोंड नव्हतं?"

"होतं... त्यात स्क्रू होते."

तिला हसू फुटणार होतं. ते तिने दातांखाली दाबलं, कारण राग खरा होता. "कुणी आवडलं म्हणून त्याला असं चकवायचं? मला नाही खपत."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. चला, बस मिळेल अजून."

तो हातोडी घेऊन पुढे निघाला. फाट्यावर त्याने बाण तळ्याकडे वळवला, खिळा ठोकला आणि मुकाट्याने बाजूला झाला. थांबा म्हणाला नाही. ती दहा पावलं गेली... आणि मग स्वतःवरच संतापली. एवढं भांडून हा माणूस आवडावा म्हणजे काय!

ती वळली.

"पुढच्या रविवारी येते," ती रागानेच म्हणाली. "आणि बाणाला हात लावायचा नाही. मला तुमच्याकडे यायचं असलं, की मी आपणहून येईन."