चाळणीत अडकलेल्या ओळी

हेमांगी तांबट साडेदहाला कामावर आली, तेव्हा विश्राम सबनीस तिच्या टेबलासमोर येऊन बसलेले होते. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, मांडीवर हेल्मेट. आठ दिवसांपूर्वी त्यांची आई, इंदुमतीबाई, सांगलीच्या घरी स्वयंपाकघरात पडून गेली होती. साडेचारच्या सुमाराला कामाच्या बाईंनी दार उघडलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

इंदुमतीबाई घरात तशा अगदी एकट्या नव्हत्या, 'सोबती' हे ऐकणारं यंत्र होतं. म्हाताऱ्या माणसांच्या बहुतेक घरांत एव्हाना तो असे. प्रत्येक खोलीच्या छताला शर्टाच्या गुंडीएवढा एक कान. कोणी मदत मागितली, की डॉक्टरांना आणि मुलांना तो फोन लावी. जे ऐकेल ते वेळेसह नोंदवहीत एकेका ओळीत उतरवी. नळ वाहिला, शिट्टी झाली, कोणी खोकलं. दिवसाच्या दहा हजार ओळी होत. त्यांतलं हवं तेवढंच दिसावं म्हणून चाळण्या असत, आणि त्या लावणं-काढणं हेच हेमांगीचं काम होतं.

"मॅडम, मला एवढंच सांगा," विश्राम म्हणाले. "आईनं हाक मारली होती का? डॉक्टर म्हणतात, पडल्या पडल्याच गेली असेल. तसं असेल तर मला झोप तरी लागेल."

हेमांगीनं त्या दुपारची नोंदवही उघडली. एक वाजून आठ मिनिटं, भांडं पडलं. चार सव्वीस, दार उघडलं. मधे एकही शब्द नाही.

तिला हायसं वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यातली बारीक अक्षरं दिसली. लपवलेल्या ओळी : त्र्याण्णव. नियम एक्केचाळीस.

तो नियम तिनंच लिहिला होता, याच माणसाच्या सांगण्यावरून. विश्रामचे वडील गेल्यावर इंदुमतीबाई दिवसभर त्यांच्याशी बोलत. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. "अहो, चष्मा कुठे ठेवलात?" म्हणाल्या, की छतातून आवाज येई, "काय हवंय, आजी?" बाई दचकत. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. तेव्हा विश्रामनी फोन केला होता, "बोलू दे हो तिला बाबांशी. कुणाचं काय बिघडतं? त्या यंत्राला गप्प करा." मग एका ओळीचा नियम झाला. 'अहो'नं सुरू होणारं वाक्य दिवंगत पतीसाठी आहे असं समजावं. उत्तर देऊ नये, काही करू नये, नोंदीत दाखवू नये. दोघांनाही तेव्हा तो मायेचा वाटला होता.

"काय झालं?"

"एक चाळणी काढायची राहिलीय. पण सबनीस, डॉक्टर म्हणतात तेच धरून चाललं तर..."

"अहो, काढा ना!" विश्राम म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दावर थबकले.

हेमांगीनं चाळणी काढली.

१.०९ अहो, पडले मी.
१.११ अहो, विश्रामला फोन लावता का?
१.१६ अहो, फार दुखतंय.
१.३१ अहो, ऐकताय ना?

समोरच्या रकान्यात दरवेळी एकच शब्द होता : दुर्लक्ष. विश्राम प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचत गेले. शेवटची ओळ दोन बावन्नची होती.

अहो, किती दिवसांनी बोललात!

"कोण बोललं तिच्याशी?"

"नोंदीत कुणीच नाही," हेमांगी म्हणाली. त्या ओळीपुढेही दुर्लक्षच होतं.

"पावणेदोन तास," विश्राम म्हणाले. "कोल्हापूरहून मी तासाभरात पोचलो असतो."

"नियम मी लिहिला."

"लिहायला लावला कुणी?"

हेमांगीनं नियम एक्केचाळीस उघडला. मग विश्रामनी विचारलं, "हा नियम फक्त आमच्याच घरात होता ना?"

हेमांगीनं नकारार्थी मान हलवली. इतरांनीही मागितला होता. मग वरिष्ठांनी तो नवरा गेलेल्या बाईच्या प्रत्येक घरात लावून टाकला. अकराशे छत्तीस घरं. तिनं सगळ्यांवरची चाळणी एकदम काढली. रिकामा पडदा त्या घटकेला बोलल्या जाणाऱ्या ओळींनी खालून वर भरत निघाला.

अहो, ऊन बघा कसं आलंय.
अहो, भाजी कोणती करू?
अहो, आज मला उठवत नाहीये.

हेमांगीनं ती ओळ धरली, घराचा क्रमांक पाहिला आणि फोन उचलला. घंटा वाजत राहिली. तोवर आणखी दहा-बारा ओळी वर सरकल्या होत्या.

अहो, येताय ना?

विश्रामनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि ही?" ते म्हणाले. "ही कुणाला बोलावतेय?"