आधी लोरेनबाईंना विचारा

पहाटेच्या बर्फाने एरी गावातल्या सगळ्या गाड्या एकसारख्या करून टाकल्या होत्या. डॅनिका नोवाक कोर्टात जायला बाहेर आली, तर एक उंच माणूस फावड्याने तिची गाडी मोकळी करत होता. घामाघूम, कान लालबुंद.

"फार उपकार झाले," ती म्हणाली, "पण ही गाडी माझी आहे."

तो फावड्यासकट थबकला. "मग... मघाशी मोकळी केली, ती?"

"ती दातांच्या डॉक्टरांची."

दोघंही असे काही हसले, की तिच्या हातातली कॉफी सांडली.

दुपारी तोच माणूस – वेंडेल – आपल्या आईला हाताला धरून तिच्या ऑफिसात हजर! लोरेनबाईंची पुढची देखभाल कुठे, कशी व्हावी, याचे कागद करायचे होते. डॅनिकाची वकिली त्यातलीच.

"आता तुम्ही बाहेर बसा," ती त्याला म्हणाली.

"अहो, मी मुलगा आहे तिचा!"

"म्हणूनच."

तीन आठवडे हेच चाललं. एकदा त्याने बटाट्याचं सारण भरलेल्या गरमागरम करंज्या, पिएरोगी, आणले.

"लाच देताय?"

"हो. आत बसू द्या."

"नाही!" म्हणाली खरी, पण पिएरोगी एकटीनेच फस्त केले. आता तर त्याची पावलं जिन्यात वाजली, की तिचं कागदांवरचं लक्षच उडायचं.

सहीचा दिवस उजाडला. लोरेनबाई घरीच राहणार, वेंडेल सांभाळणार, असं ठरलं होतं. बाईंनी पेन उचललं... आणि खाली ठेवलं.

"पोरी, खरं सांगू? मला सरोवराकाठच्या वृद्धाश्रमात जायचंय. माझी मैत्रीण हॅरिएट तिथे आहे, रोज पत्त्यांचा डाव रंगतो. पण हा माझ्यासाठी लांबच्या पोर्टलंडची नोकरी सोडायला निघालाय. कोणत्या तोंडाने सांगू त्याला?"

डॅनिकाच्या चटकन लक्षात आलं. बाई तिकडे गेल्या, की वेंडेल पोर्टलंडला परत. आणि आपण गप्प राहिलो, तर तो इथेच... कायमचा! मोह झाला, अगदी खराखुरा झाला. पण तिच्या अशील लोरेनबाई होत्या.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी शेजारी बसते."

वेंडेलला आत बोलावलं. त्याने सगळं ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसला. "आई, मला वाटलं, तुला मी हवाय!"

"हवायस ना रे! रविवारी. रोज तुझं सूप नकोय मला."

तो डोळे पुसत हसला. नवे कागद तयार झाले, सह्या झाल्या.

दाराबाहेर दोघंच उरली.

"मग... पोर्टलंड?" तिने विचारलं. आवाज काही केल्या साधा निघेना.

"राजीनामा कालच पाठवला."

"अहो, मग फोन करा! लगेच परत घ्या!"

"वकील म्हणून सांगताय?"

"हो."

तो एक पाऊल पुढे आला. "आणि डॅनिका म्हणून?"

तिने थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"नको घेऊस," ती म्हणाली. "राहा ना इथेच."